सकाळचा दाता

"तुम्ही काय काम करता?" असं कुणी विचारलं की मी आधी समोरच्याच्या हातात खायचं काही आहे का ते बघते. असलं तर म्हणते, "दवाखान्यात." नसलं तर खरं सांगते. खरं ऐकून लोक हसतात, नाकं मुरडतात. एकाने तर खुर्ची मागे सरकवली होती. सरकव बाबा. पोटावर वेळ आली की येशील माझ्याच दारात.

रक्तपेढी सगळ्यांना माहीत असते. आमची पेढी शीची आहे. हो, शीची. एखाद्याला मोठं आजारपण येतं, जबरदस्त अँटिबायोटिक घ्यावी लागतात आणि त्यात आतड्यातले भले जंतूही मरून जातात. रिकाम्या घरात गुंड शिरावा तसा एक दांडगा जंतू तिथे ठाण मांडतो. मग जुलाब, ताप, पोटात कळा. औषध दिलं की तो दबतो, औषध संपलं की पुन्हा हजर. माणूस संडासापासून दहा पावलं लांब जायला घाबरतो, लोकांत बसणं सोडतो, पाहुणे यायचे थांबतात. अशा माणसाला धडधाकट माणसाच्या शीतले जंतू गाळून, गोठवून, नळीने नाहीतर कॅप्सूलमधून पोटात सोडले की ते आपली वस्ती पुन्हा वसवतात आणि गुंडाला जागा उरत नाही. सगळ्यांना गुण येतो असं नाही, पण बहुतेकांना येतो. आता हसा.

आमची जागा दवाखान्याच्या तळघरात, कपडे धुण्याच्या खोलीला लागून. पलीकडे दिवसभर चादरींची घरघर चालते, त्यामुळे आमची एक भिंत कायम कोमट असते. थंडीत मी माझी खुर्ची त्या भिंतीला लावते. दात्यांसाठी एक चांगला स्वच्छ संडास, बाहेर एक बाक, मग एक सरकती खिडकी. खिडकीच्या आत वजनकाटा, गाळण्या, डीप-फ्रीझर आणि मी. डॉक्टरीणबाई वरच्या मजल्यावर बसतात. त्या स्वभावाने चांगल्या, पण जिना उतरायचं त्यांच्या जिवावर येतं.

दाते मिळत नाहीत ही आमची कायमची बोंब. शी तर सगळेच करतात, मग घोडं अडतं कुठे? तर तपासण्यांत. रक्त, पोट, जुने आजार, घेतलेली औषधं, सगळं चाळून बघितलं की शंभरातले बोटावर मोजण्याइतके उरतात. त्यातली कॉलेजची मुलं आठवडाभर येतात आणि मग गायब. फोन केला तर म्हणतात, "सकाळी होतच नाही हो." आता यावर मी काय करू? माझ्याकडून सगळं होईल, हे नाही होणार.

अशात एक दिवस काटेवाले उगवले. त्यांना हे नाव मीच ठेवलं. शहराबाहेर खाणीच्या रस्त्याला ट्रक तोलायचा मोठा काटा होता, तिथल्या केबिनमध्ये त्यांनी उभी हयात काढली होती. भरलेला ट्रक तोलायचा, रिकामा तोलायचा, वजाबाकी करायची, पुढचा. पुढे कॅमेरे आले, कॉम्प्युटर आला, केबिनला कुलूप लागलं आणि त्यांना मुदतीआधीच घरी बसवलं. दवाखान्यात ते चष्म्याचा नंबर काढायला आले होते. 'निरोगी दाते हवेत' ही आमची पाटी वाचून जिना उतरून खाली आले. उंच, वाळके, शर्टाचं वरचं बटणसुद्धा लावलेलं.

"ताई, पाटी वाचली," ते म्हणाले. "मी निरोगी असावा असं वाटतं. पण पुरावा नाही."

"पुरावा काढायचं काम आमचं," मी म्हटलं. "तुम्ही फक्त या."

सगळ्या तपासण्यांतून ते असे सुटले की डॉक्टरीणबाई स्वतः जिना उतरून खाली आल्या. "कुठे लपला होता हा माणूस?" म्हणाल्या. वजन बेताचं, रक्त स्वच्छ, व्यसन नाही, वर्षानुवर्षं औषधाची गोळी पोटात गेलेली नाही. आणि वेळेला असे पक्के, की पलीकडे चादरींचं पहिलं मशीन सुरू झालं की बाकावर काटेवाले दिसणारच. आत जायचे, मोकळे व्हायचे, हात धुऊन खिडकीशी येऊन उभे राहायचे. मी डबा काट्यावर ठेवला की मान लांब करून आकडा बघायचे.

"डब्याचं वजन वजा केलंत ना, ताई?"

"काका, हा ट्रक आहे का?"

"नियम तोच," ते गंभीरपणे म्हणायचे.

त्यांच्या घरचं मला थोडंथोडं कळत गेलं. टायरच्या दुकानावर एक खोली. बायको जाऊन पुष्कळ वर्षं झालेली, मूलबाळ नाही. दूरच्या शहरात धाकटा भाऊ, त्याचा भरला संसार. केबिनमध्ये असताना दिवसभर ड्रायव्हर लोकांशी बोलणं व्हायचं. घरी बसल्यावर ते बंद पडलं. "टायरवाला चांगला आहे," एकदा म्हणाले, "पण त्याचं मशीन फार मोठ्याने चालतं." एखाद्या दिवशी पहिलं बोलणं माझ्याशी व्हायचं आणि शेवटचंही माझ्याशीच, हे त्यांनी मला असं सांगितलं, जसं कुणी आज वारा आहे म्हणून सांगतं. मी डब्याला झाकण लावत होते. मी म्हटलं, "उद्या लवकर या, काका," आणि ते खूश होऊन गेले. ते रोजच लवकर येत होते.

नमुना घेण्याआधी दात्याला रोज विचारावंच लागतं. झोप लागली का? ताप? पोट ठीक? कुठे दुखतंय का? काही औषध घेतलं? कॉलेजची मुलं माझं तोंड उघडायच्या आधीच "नाही नाही नाही" करून मोकळी. काटेवाले मात्र एकेका प्रश्नाला थांबून, आत डोकावून बघितल्यासारखे उत्तर द्यायचे. "झोप… लागली. मध्ये कुत्रं भुंकलं म्हणून जाग आली, पण परत लागली. ताप नाही. पोट शांत. दुखतं म्हणाल तर, परवा गुडघा काहीतरी म्हणत होता. आज गप्प आहे."

"त्याला म्हणावं, असाच गप्प राहा."

"सांगतो," ते म्हणायचे, आणि कानांपर्यंत लाल व्हायचे.

आपलं दान कुणाला गेलं हे दात्याला सांगायचं नाही आणि कुणाचं आलं हे रुग्णाला सांगायचं नाही, असा आमचा कडक नियम. काटेवाले तरी विचारायचेच. "नाव नको हो. माणूस कसा आहे एवढं सांगा." मी कितीदा उडवून लावलं. शेवटी एकदा माझ्या तोंडून गेलं की एक बसड्रायव्हर बरा होऊन परत गाडीवर गेलाय. झालं! त्या दिवसापासून हे गृहस्थ बसमध्ये पुढच्या सीटवर बसायला लागले. कामधंदा नसताना नुसते बसायचे आणि प्रत्येक ड्रायव्हरकडे निरखून बघायचे. एकाने गाडी थांबवून विचारलं, "काय हो, माझ्या तोंडावर काही लिहिलंय का?" हे मला सांगताना ते इतके हसले, इतके हसले, की डोळे पुसावे लागले. मीही हसले. मग दुपारभर मला उगीच कसंतरी होत राहिलं.

भाऊ बोलवायचा त्यांना. 'आता तिथे एकटा काय करतोस, ये इकडे, एक खोली रिकामीच आहे,' असं फोनवर म्हणायचा म्हणे. काटेवाले जायचे नाहीत. मला वाटायचं, भावजयीशी पटत नसेल. मी खोदून विचारलं नाही.

आमच्याकडे दात्याला साठीची हद्द आहे. साठी उलटली की दान बंद, मग तुम्ही पहिलवान का असेना. काटेवाल्यांची साठी जवळ आली होती. त्या वर्षाच्या सरत्या थंडीत ती भरायची होती. ते काही बोलायचे नाहीत, पण एकदा सहज विचारल्यासारखं करून म्हणाले, "ताई, साठ म्हणजे साठ पूर्ण, की साठावं लागलं की?"

"पूर्ण," मी म्हटलं. ते हिशेब लावल्यासारखं छताकडे बघत राहिले.

आणि नेमकी तेव्हाच त्यांची दाढ दुखायला लागली. हे मला खूप नंतर कळलं. मला दिसलं ते एवढंच, की काटेवाले गळ्याला मफलर गुंडाळून यायला लागले. थंडी होती, कुणीही गुंडाळतं. मग लवंगेच्या तेलाचा वास यायला लागला. मी विचारलं, "दातबीत दुखतोय का काका?"

"छे छे. सवय आहे मला. तोंडाला बरं वाटतं."

"कुठे दुखतंय का?" हा तर माझा रोजचा प्रश्न. रोज थांबून, विचार करून उत्तर देणारा माणूस आता पटकन म्हणायचा, "नाही." मीही बावळट! मला वाटलं, चला, काकांनाही आता सवय झाली, वेळ वाचला.

दातांच्या डॉक्टरकडे गेलं की तो अँटिबायोटिक देणार. अँटिबायोटिक घेतलं की आमच्याकडे कित्येक महिने दान बंद. आणि ते महिने सरेपर्यंत साठी उलटणार. म्हणजे एक गोळी गिळली की कायमची सुट्टी. हे गणित त्यांनी केलं, बिनचूक केलं, आणि गोळी गिळली नाही.

एके सकाळी चादरींचं मशीन सुरू होऊन बराच वेळ झाला तरी बाकावर कुणी नव्हतं. मी दोनदा बाहेर डोकावले. मग ते आले, भिंतीला धरून. मफलर पार डोळ्यांपर्यंत. माझ्याकडे न बघता आत गेले, बाहेर आले, खिडकीवर डबा ठेवला.

"मफलर काढा," मी म्हटलं.

"थंडी आहे, ताई."

"काका, मफलर काढा म्हणते ना!"

मी बाहेर जाऊन स्वतःच तो खाली ओढला. अर्धा चेहरा फुगून मानेपर्यंत उतरला होता, कातडी ताणून चकाकत होती. कपाळाला हात लावला तर चटका. तोंड धड उघडत नव्हतं, तरी दातांमधून म्हणाले, "आजचं घ्या. मग जातो मी डॉक्टरकडे. आजचं तेवढं घ्या."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी ओरडले, खरंच ओरडले. पलीकडून कपडे धुणारी दोघं धावत आली. "आजचं काय घ्या? जीव जाईल ना तुमचा! अक्कल कुठे ठेवलीय?" काटेवाले बाकावर बसले आणि मुकाट ऐकून घेत राहिले. मग हळूच एका बाजूला कलंडले.

त्यांना वर नेलं. पू गळ्यात उतरला होता. ताबडतोब चिरून बाहेर काढला, दाढही काढली, आणि सलाइनमधून अँटिबायोटिक सुरू केली, चांगली जबरदस्त. श्वास अडकायच्या बेतात होता, असं तिथले सर्जन म्हणाले. वाचले, हे नशीब.

आता माझ्या वाट्याचं काम. दात्याचं दान आम्ही लगेच वापरत नाही. फ्रीझरमध्ये बाजूला ठेवतो. पुढच्या तपासणीत दाता पुन्हा ठणठणीत निघाला की मगच आधीचं सगळं वापरायला मोकळं होतं. काटेवाल्यांची पुढची तपासणी आता कसली होणार? ताप कधीपासून होता, पू कधीपासून होता, कुणास ठाऊक. डॉक्टरीणबाई खाली आल्या, फ्रीझरसमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "सगळं काढून टाका. मागच्या तपासणीनंतरचं सगळं."

शिवणकाम करणाऱ्या एक बाई तेव्हा वॉर्डात होत्या. पुन्हापुन्हा तोच आजार, हाडांचा सापळा झालेला. मशीनवर बसायला मिळावं एवढंच मागायच्या बिचाऱ्या. त्यांच्यासाठी काटेवाल्यांचंच ठरवून ठेवलं होतं. दुसऱ्या कुणाचं शिल्लक नव्हतं, मुलांच्या परीक्षा चालू होत्या. शेवटी लांबच्या एका पेढीतून मागवलं आणि बाई बऱ्या झाल्या. पण तोवर जे दिवस गेले ते त्यांनी कसे काढले ते मी पाहिलंय. पिशव्या जाळायच्या डब्यात टाकताना मला काटेवाल्यांचा असा राग आला, असा राग, की ते समोर असते तर मी दोन्ही दंड धरून त्यांना हलवलं असतं. प्रत्येक पिशवीवर त्यांचा नंबर, खाली माझ्याच हाताने घातलेलं वजन. डबा वजा करून.

त्यांना जरा बसता यायला लागलं तेव्हा त्यांचा भाऊ आला. तोही तसाच उंच, पण गोल अंगाचा, घाबरलेला. वॉर्डच्या दारात त्याने मला अडवलं.

"तुम्हीच का दादाच्या ऑफिसातल्या ताई? फोनवर सारखं तुमचं नाव काढतो."

"ऑफिसातल्या?"

"म्हणजे इथे दवाखान्यात कामाला लागला ना तो, तेव्हापासून. कुठल्या खात्यात आहे ते नीट सांगत नाही. माझ्या मुलीच्या लग्नाला आला नाही. म्हणाला, सकाळची ड्युटी असते, माझ्यावाचून अडतं त्यांचं, रजाच मिळत नाही. आम्ही चिडलो होतो खरं तर. या वयात एवढं कसलं राबवून घेतात माणसाला?"

भावजयीशी पटत नसेल, असं मी समजून चालले होते.

"माझ्याच खात्यात आहेत ते," मी म्हटलं. "आणि अडतं, हे खरंच आहे."

"मग आता तरी रजा द्याल ना? मी घेऊनच जातो त्याला."

आम्ही खाटेशी गेलो. काटेवाल्यांच्या गळ्याला पट्टी, गाल बसलेला, दाढी वाढलेली. शर्टाऐवजी दवाखान्याचा अंगरखा, त्याला वरचं बटणच नव्हतं, म्हणून एका हाताने त्यांनी गळा आवळून धरला होता. भाऊ उत्साहाने म्हणाला, "दादा, ताईंनी रजा दिली बरं का. आता चल."

काटेवाल्यांनी माझ्याकडे बघितलं. माझ्याने नजर देववेना.

"रजा नाही रे," ते भावाला म्हणाले. "सुटली नोकरी."

"मग तर बरंच झालं," तो म्हणाला. "चल की घरी."

"तिथे येऊन मी काय करू?"

"करायचं काय? राहायचं. बसायचं निवांत."

भावाने खाटेवरची चादर उगीच सारखी केली, मग चहा घेऊन येतो म्हणून गेला.

तो गेल्यावर काटेवाल्यांनी दाराकडे बघून घेतलं आणि हळू आवाजात विचारलं, "ताई, माझं शिल्लक असेल ना फ्रीझरमध्ये? पुरेल ना काही दिवस?"

खोटं बोलायचं मनात आलं. पण त्या शिवणकामवाल्या बाई त्याच मजल्यावर पलीकडे झोपल्या होत्या.

"नाही, काका. टाकून दिलं सगळं. मागच्या तपासणीपासूनचं."

"सगळं?"

"सगळं. एका बाईंसाठी ठेवलं होतं त्यातलं. थांबल्यात त्या."

त्यांचा गळ्याशी धरलेला हात खाली आला. ते रडले असते तर बरं झालं असतं. नुसते बघत राहिले, माझ्याकडे नाही, समोर. आणि मग मात्र माझा बांध फुटला. खालून येतानाच ठरवलं होतं, आजारी माणसाला बोलायचं नाही. पण मी अशीच आहे, गप्प बसता येत नाही मला.

"पण सांगायचं ना काका! एकदा तरी सांगायचं! मी रोज विचारत होते ना? कुठे दुखतंय का, कुठे दुखतंय का, रोज तोंड दुखेपर्यंत विचारत होते मी!"

"विचारायचात ना," ते म्हणाले. "तुम्हीच विचारायचात."

"मग?"

त्यांना बोलायला त्रास होत होता. थांबून थांबून बोलले. "ताई, हो म्हटलं असतं, तर दुसऱ्या दिवशी कुणी विचारलं असतं का?"

विचारलं नसतंच. बाकावर दुसरं कुणी असतं, आणि मी त्याला विचारलं असतं. मला तिथेच, सगळ्या वॉर्डासमोर रडू फुटलं. काटेवाले गडबडून गेले आणि भावाने चहा आणला का ते बघायला दाराकडे मान वळवू लागले, पण मान वळत नव्हती.